पाहुण्याने हात आवरावा

नाताळची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की आपली कुटुंबे पूर्वी आजोळी जात, फार तर वेलांकणीची यात्रा करीत. आता त्या यादीत समुद्राच्या तळाची भर पडली आहे. मालवण-तारकर्ली, गोव्याजवळचे ग्रँड बेट, कर्नाटकातील मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी, दूरचे अंदमान अशा ठिकाणी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरता येते. या स्कूबा डायव्हिंगची हौस आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली आहे. युवक-युवतींच्या सहलीही तिकडे वळू लागल्या आहेत. त्यात गैर काहीच नाही. ज्या सृष्टिकर्त्याची आपण दर रविवारी स्तुती करतो, त्याची पाण्याखाली दडलेली करणी डोळे भरून पाहावी, हा मोह सात्त्विकच म्हणावा लागेल.

परंतु सहलीहून परतल्यावर जी छायाचित्रे कौतुकाने दाखवली जातात, त्यांकडे वाचकांनी जरा निरखून पाहावे. कोणाच्या तळहातावर तारामासा असतो. कोणी फुगलेला केंड चेंडूसारखा धरलेला असतो. कोणाचा गुडघा पोवळ्याच्या झुडपावर टेकलेला असतो, तर कोणाच्या हातातील पावाच्या तुकड्यावर शेकडो मासे तुटून पडलेले असतात. या छायाचित्रांना घरात, नातेवाइकांत आणि धर्मग्रामात शाबासकी मिळते. आमचा वाद पाण्याखाली उतरण्याशी नाही. तो या हाताशी आहे. पाण्याखालच्या जीवाला मौजेखातर हात लावणे, त्याला हुसकावणे, त्याला अन्नाचे आमिष दाखवणे हे ख्रिस्ती माणसाला न शोभणारे कृत्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे घडते कसे, ते पाहू. आपल्या किनाऱ्यांवर सहलीला आलेल्यांपैकी बहुतेकांनी पाणबुडीचे रीतसर शिक्षण घेतलेले नसते. 'पोहता येत नसले तरी चालेल' असे आश्वासन देऊनच त्यांना होडीत बसवले जाते. सोबतचा मार्गदर्शक त्यांना पाठीमागून धरून काही मिनिटे उथळ पाण्यात फिरवून आणतो. पाण्यात ना वर येणे ना खाली बसणे असा तोल राखणे ही मोठी कला आहे आणि ती सरावानेच साधते. ज्याला ती येत नाही, त्याचे पाय तळाशी आपटतात, रेती उडते, घाबरलेला हात आधार शोधतो आणि जवळात जवळ जे काही असेल ते पकडतो. पुष्कळदा ते प्रवाळ असते. ही पहिली इजा अज्ञानातून होते. दुसरी मात्र जाणूनबुजून होते. गिऱ्हाइकाला दिल्या पैशांचे चीज झाल्यासारखे वाटावे म्हणून तळावरचा जीव उचलून त्याच्या हातात दिला जातो आणि कॅमेऱ्याची कळ दाबली जाते.

ज्याला आपण हात लावतो ते काय आहे, हेही ठाऊक असले पाहिजे. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. असंख्य चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते. चुनखडीच्या सांगाड्यावर त्यांच्या जिवंत देहाचा थर अगदी पातळ असतो आणि त्या देहातच राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवते. बोटाच्या दाबाने तो थर खरवडला जातो आणि जखमेतून रोग शिरतो. ढेपेसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. एका लाथेने जे मोडते, ते उभे राहायला लाथ मारणाऱ्याचे तारुण्य सरून गेलेले असते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे चिलखत असते आणि आपल्या हाताच्या घर्षणाने ते निघते. तारामासा पाण्यातून वर काढला की त्याचा श्वास कोंडतो. समुद्रकाकडीच्या काही जाती भयाने आपली आतडीच बाहेर टाकतात. केंड फुगतो तो आपल्या करमणुकीसाठी नव्हे. शत्रूच्या तोंडी सापडल्यावर जीव वाचवण्याचा तो त्याचा अखेरचा उपाय असतो आणि त्या श्रमातून सावरण्यास त्याला काही तास लागतात. कासवाला आपल्यासारखीच फुप्फुसे असतात. त्याच्या पाठीला लोंबकळणारा माणूस त्याला श्वासासाठी वर जाण्यापासून रोखत असतो.

पावाच्या तुकड्याचे तरी काय? भुकेल्याला घास देणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण हे मासे भुकेलेले नसतात. प्रवाळावर वाढणारे शेवाळ खाऊन त्याला स्वच्छ ठेवणे हे त्यांच्यातील कित्येकांचे काम असते. आयता पाव मिळू लागला की धीट मासे होडीभोवती गर्दी करतात आणि तळावरची घडी विस्कटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २००२ पासून पाणबुड्यांनी माशांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर पर्यटक वर्षानुवर्षे पाकटांना खाऊ घालत आले आहेत. पाकट हा रात्री भक्ष्य शोधणारा मासा. पण तिथले पाकट दिवसा जागू लागले आणि रात्री विसावू लागले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ज्या जीवाला देवाने रात्र दिली होती, त्याची रात्र आपण एका घासाच्या मोबदल्यात काढून घेतली.

एवढे सांगितल्यावर आमच्यापुढे चार सबबी ठेवल्या जातात. त्यांचा एकेक करून परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिली सबब आपल्या घरातलीच आहे. 'आपण मासे खाणारे लोक. पापलेट तळून खायचे आणि तारामाशाला हात लावू नका म्हणायचे, हा ढोंगीपणा नव्हे काय?' प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला उत्तरही रोखठोकच दिले पाहिजे. कोळी समुद्रातून मासा काढतो तो पोटासाठी, आणि त्या काढण्याला मर्यादा असते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो. कायदा होण्यापूर्वीही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची रीत होतीच. आपल्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत नव्या हंगामाआधी होड्यांवर धर्मगुरूंचा आशीर्वाद मागितला जातो. घेण्यापूर्वी मागण्याची ही वृत्ती आहे. ताटात आलेल्या माशाबद्दल आपण जेवणापूर्वी देवाचे आभार मानतो. फोटोसाठी गुदमरवलेल्या तारामाशाबद्दल कोणती प्रार्थना म्हणणार? गरज आणि मौज यांतला भेद पुसला की नीतीचा पायाच निखळतो. कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा देतो. पण त्यांना निष्कारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असेही तो बजावतो. मोठ्या ट्रॉलरांनी आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने समुद्राची जी लूट चालवली आहे, ती या हातापेक्षा शतपटीने वाईट आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण शेजाऱ्याच्या मोठ्या पापामुळे आपले लहान पाप धुऊन निघते, असे कोणत्या प्रश्नोत्तरीत सांगितले आहे?

दुसरी सबब अधिक गोड आहे: 'आम्ही प्रेमाने हात लावतो.' या प्रेमाचा इतिहास बोलका आहे. १९४३ मध्ये फ्रान्सचे जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे आजचे उपकरण घडवले आणि समुद्राचे दार सामान्य माणसाला उघडून दिले. कुस्तोंचे समुद्रावरील प्रेम कोणी नाकारणार नाही. तरीही त्यांचा १९५६ चा गाजलेला चित्रपट आज पाहिला तर मन चरकते. माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवलेला त्यात दिसतो, कासवांच्या पाठीवर स्वार झालेली माणसे दिसतात, आणि संतापाच्या भरात ठार केलेले शार्कही दिसतात. पुढे याच कुस्तोंनी आपले आयुष्य समुद्राच्या रक्षणास वाहिले. तात्पर्य, प्रेम असणे पुरेसे नसते. त्याला संयमाची शिस्त लावावी लागते. आपल्या प्रभूनेही कुष्ठरोग्याला हात लावला, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तो कुष्ठरोगी गुडघे टेकून विनवणी करीत आला होता. केंडाने कोणाकडे विनवणी केली?

पवित्र शास्त्रातही या गोड सबबीला आधार मिळत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिली आहे, याकडे नेहमी बोट दाखवले जाते. परंतु लगेच पुढच्या अध्यायात त्याच माणसाला बागेची मशागत करण्यास आणि तिची राखण करण्यास नेमले आहे, हे विसरले जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच दाखला देऊन सत्तेचा मनमानी अर्थ फेटाळून लावला. ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस देव ईयोबाला वादळातून प्रश्नांवर प्रश्न विचारतो. समुद्राच्या झऱ्यांपर्यंत तू कधी गेला आहेस काय, हा त्यांतलाच एक. आमच्या वाचकांपैकी काही जण आता त्या दिशेने थोडेफार जाऊन आले आहेत! पण पुढे लिव्याथान नावाच्या महाकाय जलचराविषयी देव विचारतो की, पाखराशी खेळावे तसा तू त्याच्याशी खेळशील काय, आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी त्याला बांधून ठेवशील काय? आणि एकशे चौथे स्तोत्र सांगते की समुद्रात क्रीडा करण्यासाठीच देवाने त्या जीवाला घडवले. म्हणजे समुद्रातला खेळ आहे तो त्या जीवाचा आणि त्याच्या कर्त्याचा. त्या खेळातले खेळणे म्हणून तो आपल्याला दिलेला नाही. या साऱ्या प्रश्नांच्या ओघात ईयोब काय करतो? तो आपला हात आपल्याच तोंडावर ठेवतो.

पादुआच्या संत अंतोनींची आख्यायिका आपल्या घराघरांत ठाऊक आहे. रिमिनीचे लोक ऐकेनात, तेव्हा संतांनी समुद्राकडे तोंड करून माशांना उपदेश केला आणि माशांनी डोकी वर काढून तो ऐकला. त्या कथेत संत काठावर आहेत आणि मासे पाण्यात. याच कथेचा आधार घेऊन येशूसंघीय धर्मगुरू आंतोनियु व्हिएरा यांनी १३ जून १६५४ रोजी, संत अंतोनींच्या सणाच्या दिवशी, ब्राझीलमधील साव लुईस येथे एक प्रवचन केले. मूळच्या रहिवाशांना गुलाम करणाऱ्या पोर्तुगीज वसाहतवाल्यांना ते उद्देशून होते. वरकरणी मात्र ते माशांशी बोलत होते. माशांच्या गुणांची वाखाणणी करताना त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली. इतर प्राणी माणसाळले, मासे मात्र माणसापासून दूर राहिले, यातच त्यांचे शहाणपण आहे. ते शहाणपण पावाच्या तुकड्याने मोडून काढण्यास आपण निघालो आहोत.

तिसरी सबब स्वतःला शास्त्रीय म्हणवते. 'समुद्र तापतो आहे, त्यामुळे प्रवाळ मरत आहे. माझ्या एका बोटाने काय होणार?' समुद्र तापतो आहे, हे खरेच. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्या देहातील शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. इतिहासातील चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. पण या सबबीतून निष्कर्ष नेमका उलटा निघतो. घरात रुग्ण तापाने फणफणत असेल, तर 'तो तसाही आजारीच आहे' म्हणून कोणी त्याला चिमटे काढीत नाही. उलट त्याला अधिक जपले जाते. शिवाय ते एक बोट कधीच एकटे नसते. एका हंगामात एकाच खडकावर जे हजारो लोक उतरतात, त्यांतील प्रत्येकाला आपले बोट एकच वाटत असते.

चौथी सबब मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'मार्गदर्शक म्हणून राबणारी मुले मच्छिमारांची आहेत. समुद्रात मासळी उरली नाही. गिऱ्हाइकाला जे हवे ते दिले नाही तर ती खाणार काय?' गरिबाच्या भाकरीचा प्रश्न पुढे आला की ख्रिस्ती माणसाने थांबून ऐकलेच पाहिजे. आम्ही त्याचे उत्तर आपल्यासारख्याच एका कॅथलिक देशातील मच्छिमारांच्या अनुभवात शोधतो.

फिलिपिन्समधील सेबू बेटावर ओस्लोब नावाचे नगर आहे. तेथील तानावान गावच्या मच्छिमारांनी २०११ पासून व्हेल शार्क या जगातील सर्वांत मोठ्या माशाला जवळ्यासारखी बारीक कोळंबी खाऊ घालून किनाऱ्याशी थोपवून धरण्यास सुरुवात केली. पाहण्यास लोटलेल्या गर्दीने गावाचे दैन्य फिटले, हे नाकारता येत नाही. पण हजारो किलोमीटर भटकणारे हे मासे आता होडीची वाट पाहत घोटाळतात, होड्यांना घासतात, आणि अभ्यासकांनी नोंदवलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत. त्याच देशातील दोन्सोल गावाने १९९८ पासून दुसरी वाट धरली. तिथे माशाला खाऊ घालायचे नाही, स्पर्श करायचा नाही, आणि एका माशापाशी एकच होडी व सहाच पोहणारे जाऊ द्यायचे, असा नियम आहे. व्हेल शार्क येतील तेव्हा ते पाहायचे. न येतील तेव्हा पर्यटक रिकाम्या हाती परततात आणि होडीवाल्याची कमाई बुडते. दोन्सोलची वाट खडतर आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण ओस्लोबचा मच्छिमार असे का वागतो? पैसे मोजणाऱ्याला मासा हमखास आणि हाताच्या अंतरावर हवा असतो म्हणून. तेव्हा दोष प्रथम मागणाऱ्याचा आहे. मालवणच्या होडीवरही मागणारे आपणच असतो. गरिबाच्या पोटाचे नाव पुढे करून आपण आपली हौस लपवतो आहोत काय, हे प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारावे.

मच्छिमाराला मोल देऊन जीव वाचवता येतो, याचे दाखले आपल्याकडेही आहेत. गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून मोरारीबापूंनी 'माहेरी आलेली लेक' म्हणून त्याची ओळख करून दिली आणि त्याच मच्छिमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्र शासनानेही २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. जाळे हे मच्छिमाराचे भांडवल. तो ते कापायला तयार होतो, आणि आपल्याला एक फोटो सोडवत नाही!

कायद्याचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सद्वर्तन कायद्याच्या धाकाने व्हावे हे आम्हांला रुचत नाही. तरीही वाचकांना ठाऊक असावे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वाघाच्या पंक्तीचे संरक्षण मिळाले आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्येच सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेव्हा सहलीची आठवण म्हणून आणलेला आणि नाताळच्या गव्हाणीत शोभेला मांडलेला पोवळ्याचा तुकडा हा निरुपद्रवी दागिना नव्हे. ज्या बाळाच्या पायाशी तो ठेवायचा, त्याच्याच सृष्टीतून तो तोडून आणलेला असतो. फिलिपिन्सच्या बिशपांनी १९८८ मध्ये आपल्या देशाच्या निसर्गाविषयी जे पत्र काढले, त्यात मृत प्रवाळांबद्दल जाब विचारला होता. पोप फ्रान्सिस यांनी तोच जाब 'लाउदातो सी'मध्ये साऱ्या जगापुढे ठेवला. तो आपल्यालाही लागू आहे.

म्हणून आमचे मागणे थोडक्यात असे. पाण्याखाली जरूर जा, मुलांनाही न्या. पण आधी पोहणे शिका आणि शक्य असेल तर रीतसर शिक्षण घेऊनच उतरा. होडी ठरवतानाच विचारा की माशांना खाऊ घालता काय, जीव उचलून हातात देता काय. उत्तर होकारार्थी असेल तर दुसरी होडी पाहा आणि कारणही सांगा. कॅरिबियनमधील बोनेर बेटाच्या सागरी उद्यानात पाणबुड्यांना हातमोजे वापरण्यास मनाई आहे, कारण उघडा हात कोठेही टेकण्यापूर्वी माणूस विचार करतो. आपण हातमोजे घालू नयेत आणि दोन्ही हात छातीशी धरून ठेवावेत. जो मार्गदर्शक मुलाला 'हात लावू नकोस' असे सांगेल, त्याला ठरल्यापेक्षा चार पैसे अधिक द्यावेत. त्याची भाकरी आणि त्या तारामाशाचा जीव या दोहोंची राखण त्यातूनच होईल. युवकांच्या सहली नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच हा नियम सर्वांना वाचून दाखवावा. आणि घरी आल्यावर कोणी तारामासा हातात धरलेला फोटो दाखवला, तर कौतुक आवरावे. त्या हौसेला खतपाणी घालते ते आपलेच कौतुक.

चर्चमध्ये वेदीसमोर उभे असताना आपण प्रत्येक वस्तूला हात लावून पाहत नाही. आपल्या तेथे असण्यालाही एक रीत असते, हे आपल्या मुलांना न सांगता कळते. समुद्राच्या तळाशीही तीच रीत पाळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.